शिवणखोलीत येणारे नवे संशोधक

शिवणखोलीत संध्याकाळी झाडू मारला की चिंध्यांचा ढीग निघतो. किश्शांचंही तसंच. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण वर्षानुवर्षं एकाच खोलीत काढली की साठतात. माझ्याकडचे निम्मे किस्से नव्या संशोधकांचे आहेत. पुसदच्या एका प्रशिक्षण केंद्रात मी शिवण शिकवते. व्यवसाय शिक्षणावर पीएच.डी. करायला घेतलेली मुलंमुली विद्यापीठातून आमच्याकडे येतात, आणि प्राचार्य त्यांना माझ्याकडे धाडतात. "मंदाताई, यांना जरा सुरुवात करून द्या."

मी बारावी शिकलेली. पण कुठं बसायचं, कोणाशी बोलायचं, डबा कोणासोबत खायचा, एवढं मला सांगता येतं.

*

पहिला आठवतो तो नागपूरचा मुलगा. फिटरची पोरं रोज कशी काम करतात, हे त्याला पाहायचं होतं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड. वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभा राहून गुपचूप लिहायचा. दोनतीन दिवसांनी आनंदानं म्हणाला, "ताई, तुमच्याकडे सेफ्टी फार कडक आहे. सगळे गॉगल लावतात."

मी त्याला कॅन्टीनमध्ये घेऊन गेले. फिटरची पोरं गॉगल लावून समोसे खात होती. त्यातल्या एकानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मॅडम, हे इन्स्पेक्शनवाले साहेब कधी जाऊन राह्यले?"

तेव्हापासून माझा नियम आहे, पहिला आठवडा पॅड बाहेर काढायचं नाही.

*

मग नेरची प्रणाली आली. तिच्या घरात एवढं शिकणारी तीच पहिली. विषय होता, मुली शिवणाचा कोर्स मधेच का सोडतात. तिचे मार्गदर्शक म्हणाले होते, दिवाळीपर्यंत कोर्स सोडलेली एक तरी मुलगी बोलती झाली पाहिजे, नाहीतर विषय बदला. विषय बदलला की आणखी एक वर्ष जाणार, आणि घरचे तिच्या लग्नासाठी तेवढं थांबायला तयार नव्हते.

सराव म्हणून तिनं आधी आमच्या शिकत्या मुलींना विचारलं, "आपल्या व्यावसायिक आकांक्षा काय आहेत?"

सगळ्या मुली उभ्या राहिल्या. "चांगल्या आहेत, मॅडम."

"आणि अडचणी?"

"त्या बी चांगल्या आहेत."

*

मग तिनं मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करायचं ठरवलं. मशिनींच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून मी मशिनी थांबवल्या. मशिनी थांबल्या तशा मुलीही थांबल्या. आमच्या खोलीत पाय चालू असले तरच तोंड चालतं, हे मला आधी सुचायला हवं होतं.

मी प्रणालीलाच एका मशीनवर बसवलं. तिनं पायडल मारलं, चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. शेजारची मुलगी म्हणाली, "असं कराल तर डॉक्टर कवा व्हाल, मॅडम?" खोली हसली. त्या दुपारी दोरा ओवता ओवता मुलींनी तिला एवढं सांगितलं, की कोर्स सोडलेल्या वैशालीचा पत्ताही त्यांच्याकडूनच कळला.

*

वैशाली माझी हुशार विद्यार्थिनी. परीक्षेच्या तोंडावर तिचं लग्न झालं, आणि ती महागावकडच्या एका खेड्यात गेली. फोनवर विचारून आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत सासरे, दीर, सासू सगळे बसले होते. प्रणाली विचारायची वैशालीला, उत्तर यायचं सासूबाईंचं.

"कोर्स काहून सोडला?"

"तिलेच नको होता."

"परीक्षा द्यावीशी वाटली नाही?"

"काय करते परीक्षा देऊन?"

वैशाली खाली बघत होती. प्रणालीनं वही मिटली. दिवाळी जवळ आली होती.

माझ्या पिशवीत मापाची टेप असतेच. मी म्हटलं, "वैशाली, प्रणालीचं ब्लाऊज शिवायचं आहे. माप तूच घे. तुझा हात चांगला आहे."

मापाला बायका आतल्या खोलीत जातात, आणि पुरुष मागं येत नाहीत. सासूबाई चहा ठेवायला गेल्या. आम्ही आत जाऊन दार लोटलं.

"खांदा चौदा," वैशाली बाहेर ऐकू जाईल अशी बोलली. मग हळूच, "मी नाही सोडला कोर्स."

"हे लिहू का मी?" प्रणालीनं विचारलं.

"लिहा. नाव नका टाकू. छाती चौतीस. सासरच्यायनं सांगितलं होतं, लग्न झालं का परीक्षेले पाठवू. बाही साडेनऊ. परीक्षेच्या दिवशी मी पहाटेपासून तयार होऊन बसली होती. कोणी न्यायले उठलंच नाही. कंबर अठ्ठावीस. बाही साडेनऊ."

प्रणालीचे दोन्ही हात वर होते, लिहिणार कशानं? ती नुसती ऐकत होती.

"बाही साडेनऊ," वैशाली पुन्हा मोठ्यानं म्हणाली, आणि तेवढ्यात बाहेरून दार उघडलं. चहाचा ट्रे घेऊन सासूबाई उभ्या होत्या.

"बाही कितीदा मोजून राह्यली तू?"

वैशालीच्या हातून टेप गळून पडली.

सासूबाईंनी ट्रे पेटीवर ठेवला. मागं वळून दाराला कडी लावली. टेप उचलून प्रणालीच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि हात वर करून तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"घे बाई, आता माझं माप."