स्पूलवरची हाक

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. आमच्या चाळीत संडासापाशी पांढऱ्या साडीतली बाई दिसते म्हणायचे, तर ‘तिला नंबर लावावा लागत नाही का?’ एवढंच मी विचारायचो. तेव्हा हे मी लिहितोय यावर माझाच विश्वास बसत नाहीये...

गिरगाव, दुसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली. दिवाळीआधी माळा साफ करताना बाबांचा स्पूलचा टेपरेकॉर्डर सापडला – सुटकेसएवढा – आणि सोबत एकच टेप. डब्यावर बाबांच्या अक्षरात ‘हिची हाक’. संध्याकाळी आई गॅलरीतून आम्हा पोरांना जेवायला हाका मारायची, त्या बाबांनी तिच्या नकळत टेप केलेल्या. आईचा आवाज जगात आता तेवढाच. अँटॉप हिलला मोठ्या बहिणीला, अक्काला, फोन केला. ती म्हणाली, “लवकर सुरू कर रे. मला आईचा आवाज आठवेनासा झालाय.”

मेकॅनिकने पट्टे बदलले आणि बजावलं – आधी कोऱ्या टेपवर हात बसवा, लाल बटणाच्या वाटेला जाऊ नका. पण कोरी टेप शोधायला कोण जाणार? रविवारी दुपारी मी तीच चढवली. पहिल्यांदा चुकीची ओवली, तर जमिनीवर शेवयांचा ढीग. गुंडाळून पुन्हा. मग प्लेचं बटण अडकायला लागलं, म्हणून शेजारचंही सोबत दाबलं... चकत्या फिरल्या! आवाज नव्हता, पण म्हटलं जुनं मशीन आहे, तापू दे. चहा टाकला.

शेजारचं बटण लाल होतं, हे चहा पिऊन झाल्यावर दिसलं.

मागे फिरवून ऐकलं. माझा खोकला, कपबशी, माझं बेसूर गुणगुणणं. शेवटपर्यंत तेच. आई कुठेच नाही. आणि तासाभरात अक्का यायची होती.

खरं सांगायची हिंमत होईना. मशीनवर ढकलायचं ठरवलं. अक्का पाणीही न पिता समोर बसली. टेप लावली. खोकला... कपबशी... मी तोंड उघडणार, तर तिचे डोळे मिटलेले, गालांवर पाणी आणि ओठांवर हसू. म्हटलं, बिचारी माझी लाज राखतेय.

इतक्यात दारात नलू. शेजारच्या खोलीतली, लहानपणी आमच्याच पंगतीला असायची, आता आजी झालीये. टेपरेकॉर्डरबद्दल तिला मी अवाक्षर बोललो नव्हतो. कणकेचे हात तसेच. म्हणाली, “काकूंनी हाक मारली ना मला?”

मग मात्र मी सगळं कबूल केलं. लाल बटण, चहा, सगळं. अक्का माझ्याकडे बघतच राहिली.

“पुसलंस कुठे? आधी मला बोलावलं, मग नलूला. तुला तर चारदा, मन्या. नेहमीसारखी एकदाही ओ दिली नाहीस.”

हे खरंय. खेळ मोडू नये म्हणून लहानपणी मी हाक ऐकूच न आल्याचं सोंग करायचो.

शेवटी टेप मेकॅनिककडे नेली. त्याने कानांवरचे हेडफोन काढून विचारलं, “मन्या कोण?”

अक्का आता दर रविवारी येते, नलूही येऊन बसते. मला अजून कपबशीच ऐकू येते. पण दोघी नेमक्या कुठे हसतात, ती जागा मला पाठ झालीये. तिथे मी हळूच म्हणतो, “आलो गं.”