कुंपणावरचा हातमोजा

फिनलंडमधला माझा पहिला हिवाळा. कामावर जाताना बागेच्या कुंपणाच्या गजावर एक चिमुकला लाल हातमोजा अडकवलेला दिसला. इथे कोण बघणार, म्हणून मी तो माझ्या ऑफिसात रिसेप्शनवर नेऊन दिला. सहकारी मारिया हबकलीच. "अगं, परत ठेव! सापडला की उचलून वर अडकवायचा असतो. ज्याचा हरवलाय तो त्याच वाटेने शोधत येतो."

मी धावत जाऊन ठेवला. संध्याकाळी गज रिकामा होता. कुणा परक्या लेकराच्या हातमोज्यासाठी बर्फात वाकणारी ती माणसं मला फार मोठी वाटली.

सांगलीला आईने माझी खोली अजून तशीच ठेवलीय. "आवर की ती एकदाची," म्हणून मी दर फोनला चिडायचे. त्या दिवशी म्हटलं, "राहू दे, आई."