अंदाजानं शिवलेला फ्रॉक

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले, त्यातले कितीतरी आता आठवतही नाहीत. पण सहा वर्षांच्या एका मुलीला तिच्या मावशीकडून काढून मी भलत्याच माणसाच्या हवाली केलं, ती संध्याकाळ अजून मनातून जात नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्षभर झालं असेल. बोरी अरब या गावाच्या बाजूला एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. एका कापड दुकानदारानं फिर्याद दिली की, दत्तक घेतलेल्या पुतणीला तिच्या मावशीनं फूस लावून नेलं. मुलीचे आईबाप वारलेले होते. दुकानदारानं मुद्रांकाच्या कागदावरचं दत्तकपत्र पुढे ठेवलं. बापानं स्वतःच्या हातानं मुलगी भावाला दिली, असं त्यात लिहिलं होतं. खाली साक्षीदारांच्या सह्या होत्या.

चौकशीला मी गेलो तो बाजाराचा दिवस. त्या दिवशी मोटार मिळे, म्हणून माझ्या सोयीचा. मावशी भाजी घेऊन बाजाराला गेलेली, तिच्या वस्तीतली माणसंही तिकडेच. चावडीवर जमले ते सगळे दुकानदाराच्या आळीतले. पाच जबाब घेतले, पाचही शब्दाला शब्द सारखे. खऱ्या साक्षी कुठेतरी एकमेकींशी अडखळतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी सह्या घेतल्या.

संध्याकाळी मावशी परतली. मुलगी तिच्या लुगड्याला धरून होती. मी हवालदाराला खूण केली.

"साहेब, मले तं इचारलं बी नाई तुमी."

"कागद आहे, बाई," मी म्हणालो.

आठवड्याभरानं एक शिंपी ठाण्यात आला. त्याच दुकानाच्या ओसरीवर मशीन टाकून बसणारा. टोपी चोळत सांगू लागला.

"साहेब, पोटात ठेवल्या नाई जात. शेठनं पोरीचा फ्राक शिवाले टाकला, तुमच्याकडे फिर्याद द्याच्या आधी. म्या म्हटलं, माप द्या. तं म्हने, अंदाजानं शिव, असंन पाच-सहा वर्साची! आता तो फ्राक तिच्या खांद्याखाली उतरत नाई."

"मग मुलगी कशाला हवी त्याला?"

"इन्कमट्याक्सचे साहेब येनार हायेत पाहाले. लेकरू असलं तं कर कमी लागते म्हन्तेत."

मी साचलेलं टपाल काढलं. कर कार्यालयाचं पत्र पंधरा दिवसांपासून माझ्याच टेबलावर पडून होतं. या इसमानं पदरी मूल दाखवून सूट मागितली आहे, तरी मूल खरोखर कोणाजवळ राहतं ते कळवावं, अशी विचारणा होती. सूट पोटच्या किंवा दत्तक मुलामागे मिळे, पुतणीमागे नाही. म्हणजे सारा डोलारा त्या दत्तकपत्रावर उभा.

दुकानदार आणि मावशी, दोघांना ठाण्यात बोलावलं. दुकानदाराला मी खुर्ची दिली, ती खाली बसली. हेही माझ्याच चुकांच्या खात्यात. मुलीवरून यांना करात सूट मिळते, असं तिला समजावून सांगितलं.

"पोरीची सूट? मंग मले बी द्या." मग स्वतःच म्हणाली, "पन माह्यावर करच नाई, मी कायची सूट मांगू?"

हवालदार हसला. दुकानदार चिडला. "हिच्या घरी पोरगी खाईन काय? भाजीचे देठ?"

"देठ खाऊनच वाढली, शेठ. तुमाले तिची उंची तरी माईत हाय का?" मग ती त्याच्याकडे वळूनच बसली. "मले एक सांगा. दत्तक घेतलं म्हन्ता, तं देल्लं कोनं?"

"तिच्या बापानं. माह्या हातात. वैशाखात."

"वैशाखात? त्याले तं आमी त्याच्या आधीच, कापूस येचाच्या दिवसात माती देल्ली. वैशाखात उठून आलता काय?"

मी ते दत्तकपत्र तीनदा वाचलं होतं. देणारा त्या दिवशी हयात होता का, हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. अंगठा उठवणाऱ्या त्या बाईला सुचला. त्या काळच्या कायद्यानं मूल दत्तक द्यायचा अधिकार आईबापांनाच होता, कोर्टाच्या परवानगीवाचून काकाला किंवा मावशीला नव्हता. मी कोतवाल बुक मागवलं. गावच्या जन्ममृत्यूच्या त्या वहीत बापाच्या मृत्यूची नोंद दत्तकपत्राच्या पाच महिने आधीची निघाली. दुकानदार तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "लिहा साहेब, कागद मागून केला."

खोट्या दस्ताचा गुन्हा दाखल झाला. कर कार्यालयाला मी कळवलं की, मुलगी मावशीजवळ राहते आणि सदर इसमाला सूट लागू होत नाही. मुलीला मात्र हवालदाराबरोबर परत पाठवलं. स्वतः गेलो नाही. काम फार आहे, असं स्वतःलाच सांगितलं. खरं म्हणजे त्या बाईच्या समोर उभं राहायची हिंमत नव्हती.

पुढे तपास करताना मी एक नियम पाळला. ज्याच्याविरुद्ध कागद आहे, त्याला आधी बसायला द्यायचं आणि आधी विचारायचं. हा नियम मला कोणत्याही प्रशिक्षणात मिळाला नाही, त्या बाईनं शिकवला. ओरड नाही, रडारड नाही, एका प्रश्नात खोटं उघडं पाडायचं, असा तिच्यासारखा उलटतपास मी पुढे नामांकित वकिलांनाही क्वचितच करताना पाहिला.

दोन वर्षांनी बदलीचा हुकूम आला, तेव्हा मी तिच्या गावी गेलो. ती दुसऱ्याच्या वावरात वेचणीला होती, ओटी कापसानं भरलेली. वर्दी पाहून बाया थांबल्या. ती पुढे आली, चेहरा उतरलेला.

"आता काहून आले, साहेब? पोरगी शाळेत हाय माही."

मी टोपी काढली. "मुलीसाठी नाही आलो, बाई. त्या दिवशी तुम्हांला एक शब्द न विचारता मी तिला नेलं. परत पाठवतानाही तोंड दाखवलं नाही. माझं चुकलं. या सगळ्यांच्या समोर सांगतो, मला माफ करा."