शालूची कविता

नातीनं पतंगासाठी कणकेची खळ शिजवली. त्या वासानं मला विदर्भातल्या कारंजा गावच्या कॉलेजातलं भित्तिपत्रक आठवलं. मी त्याची संपादक होते. मोटारीतून येऊन मोहमाया सोडायला सांगणाऱ्या एका महाराजांवर माझी मैत्रीण शालू हिनं विनोदी कविता लिहिली आणि मी ती अशाच खळीनं भित्तिपत्रकावर चिकटवली. दुसऱ्याच दिवशी त्यांचे भक्त काठ्या घेऊन आले.

"लिवनारीचे हात तोडून टाकू!"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मुकाट्यानं कविता फाडली.

"तुनं काहून फाडली वं?" शालू ओरडली. मग त्या काठ्यांसमोर उभी राहून तिनं अख्खी कविता खड्या आवाजात म्हटली. एकही काठी उचलली गेली नाही.

तेव्हा वाटलं होतं, मी तिला वाचवलं. आज त्या माणसांचा येतो तितकाच मला स्वतःचाही संताप येतो. धमकी शालूला होती. घाबरून त्यांचं काम मी केलं.