अर्ध्या डॉक्टरांची मूळव्याध

औषधांच्या दुकानात तीस वर्षं उभं राहून माणूस डॉक्टर होत नाही, नुसतं तसं वाटायला लागतं. आमच्या गल्लीतल्या औषधवाल्या काकांना तर गल्लीने पदवीही बहाल केली होती: अर्धे डॉक्टर. शौचाला रक्त पडतं म्हणून कुणी आलं, की बाकीच्या गिऱ्हाइकांना नीट ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात ते बजावत, "अंगावर काढू नका. तपासून घ्या."

स्वतःला रक्त दिसलं, तेव्हा मात्र तपासणीची गरजच उरली नाही. निदान जागच्या जागी झालं: मूळव्याध. उपचार दुकानातलं मलम. आठ महिने ते गुपचूप चोळत राहिले.

एका सकाळी घाईत ती ट्यूब बेसिनवरच राहिली आणि बायकोने टूथपेस्ट समजून त्यातलंच मलम ब्रशवर घेऊन दात घासले. पुढचं सगळं तोंड धुता धुता तिने वदवून घेतलं.

त्याच दिवशी ती त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई याच गल्लीत वाढलेल्या. त्यांचं लहानपणीचं खोकल्याचं औषध अर्ध्या डॉक्टरांच्याच दुकानातलं.

"काका, मूळव्याध कुणी सांगितली?"

"मीच."

"कशावरून?"

काका पंख्याकडे बघू लागले. "अनुभवावरून," बायको म्हणाली.

दुर्बिणीने आतून तपासायचं ठरलं. पोट साफ करायचं औषध पिऊन रात्र संडासात गेली. दुसऱ्या दिवशी, अर्धवट गुंगीत, त्यांनी पडद्यावर आपलं गुदाशय पाहिलं. मूळव्याध कुठेच नव्हती. भिंतीला चिकटून पसरलेली एक चपटी गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतूनच गाठीखाली सुईने पाणी सोडून ती फुगवली आणि तारेच्या फासात धरून तुकड्या-तुकड्याने काढली. ना पोट फाडलं, ना टाका घातला. पाऊण तासात काम फत्ते.

गाठीच्या तपासणीच्या रिपोर्टला दहा दिवस लागले. गल्लीभरचे रिपोर्ट खणखणीत वाचून दाखवणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःचं पाकीट बायकोच्या हातात दिलं. "तूच बघ."

"साधी गाठ आहे. कॅन्सर नाही," तिने वाचून सांगितलं.

ते दवाखान्याच्या पायरीवरच बसले. डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"अजून काही वर्षं चोळत बसला असता, तर काय झालं असतं कोण जाणे," डॉक्टरीणबाईंनी निघताना सुनावलं. "सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण."

गल्लीत त्यांनी पाहुण्यांकडे गेलो होतो असं सांगितलं. बायकोने खरं काय ते फक्त शेजारणीला सांगितलं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्यांनाच कळलं. मग दुकानात सल्ले देणाऱ्यांची रांग लागली. कुणी ताक सुचवलं, कुणी कोमट पाण्यात बसायला सांगितलं, शिंप्याने तर एक खास मुळी आणून दिली.

अर्धे डॉक्टर काउंटरमागे हात बांधून ऐकत राहिले. दुसरं काय करणार?