शांतवनचे दोन हात

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होतो. आमच्या ख्रिस्ती घरात कॉलेज पाहणारा मी पहिलाच. सुट्टीत नेवाशाजवळच्या गावी आलो की प्रार्थनेला बसायचो, पण मागणं सुचत नसे. थोरल्या अक्काचा शांतवन दीड वर्षाचा झाला होता. त्याला आकडी येई, आणि त्याचे दोन हात कधी एकमेकांजवळ येत नसत.

अक्काने विचारलं, "तू लई शिकलास म्हनत्यात. सांग की, ह्याला काय झालंय?"

आईच्या पोटात मेंदूची डावी आणि उजवी बाजू आधी वेगवेगळी वाढते. मग चौथ्या महिन्याच्या सुमारास एकीकडचे बारीक तंतू मधली हद्द ओलांडून दुसरीकडे जातात आणि दोन्हींना जोडतात. एखाद्या मुलात हा पूल होतच नाही. एवढंच मी पुस्तकात वाचलं होतं. तेवढ्यावर बोलून गेलो, "याचा पूलच झाला नाही, अक्का. आता होणार नाही." डोकं उघडल्याशिवाय डॉक्टरलाही जे दिसत नाही, ते मी ओसरीवर बसून ठरवलं. त्या दिवसापासून अक्काने त्याला आमच्या ख्रिस्ती देवळात आणणं सोडलं. तो झोळीत पडून राही. माझ्या शब्दाने हे झालं होतं, आणि शब्द परत घेता येत नव्हता.

पुढच्या सुट्टीत आईने फार आग्रह धरल्यावर अक्का त्याला घेऊन भजनाला आली. कर्जतकडून लेकीकडे आलेली एक म्हातारी शेजारी बसली होती. तिने शांतवनला मांडीवर घेतलं, एकेका मुठीत एकेक टाळ दिला आणि मनगटं धरून वाजवू लागली.

"आवं, त्याला न्हाई येत," अक्का म्हणाली.

"न्हाई तर न्हाई. मला येतंय की. तू गा मुकाट."

शेवटच्या कडव्याला तिने मनगटं सोडली. हात तसेच राहिले. मग एकदाच, हलकेच, टाळावर टाळ टेकला.

तसं पुन्हा झालं नाही. पण अक्का रोज त्याचे हात धरून गाऊ लागली. उन्हाळ्यात आकडीतच तो गेला, तेव्हाही त्याचे हात तिच्या हातांत होते.

त्याचा पूल होता की नव्हता, मला ठाऊक नाही. पोटातल्या अंधारात ते तंतू पलीकडची वाट कशी धरतात, हेही नाही. ज्याला ठाऊक आहे त्याने त्या म्हातारीला आमच्या शेजारी बसवलं, एवढ्याचे मी आभार मानतो, तेही रडतच. मागणं अजून सुचत नाही. अक्काशेजारी बसतो आणि नुसते हात जोडतो.