फणसाच्या लाकडाची बेस

"माझं नाव माझ्या वारालाच बसेल, एक दिवससुद्धा आधी नाही," कार्सोनो म्हणाला होता.

त्याचा वार म्हणजे नुसता बुधवार नव्हे. बाजाराचे जे पाच दिवस असतात, त्यांतला पाहिंग बुधवारी आला की तो त्याचा जन्मवार. असा दिवस पस्तीस दिवसांनी एकदा येतो. दार बसवायचं असो, मुलीचं लग्न ठरवायचं असो, आम्ही सगळेच असे वार बघतो. त्यामुळे त्याचं बोलणं कोणाला वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की निदान या माणसाने स्वतःसाठी एक दिवस मागितला.

सोलो शहराच्या दक्षिणेला आमचं गाव. घरामागे छपरी आणि छपरीत गिटारी. कोणी धडं करतं, कोणी खुंट्या बसवतं. मी लॅकर मारतो. गिटार आमच्या हातात असते तोवर तिचं डोकं कोरं असतं. नाव सोलोचा दुकानदार देतो. जपानी वाटणाऱ्या, जर्मन वाटणाऱ्या नावांच्या पातळ पट्ट्या पाकिटातून येतात. मी पट्टी डोक्यावर चिकटवतो, वरून लॅकर मारतो, आणि नाव काचेखाली गेल्यासारखं कायमचं आत जातं. कोणाचं नाव, कशाला, हे आम्ही विचारत नाही. विचारायची पद्धतच नाही.

कार्सोनो गिटारींच्या माना करायचा. अकराव्या वर्षी बापाशेजारी बसून पडद्यांच्या कडा कानशीने घासू लागला, तो बेचाळीसचा होईपर्यंत उठला नाही. आठवड्याला साठ माना. त्यातली एकही त्याने वाजवलेली मी ऐकली नाही. लाकडावर गाल टेकवून, मागे बोटाने टिचकी मारून तो ऐकायचा. मी भिंतीपलीकडून ओरडायचो, "मास, घोरत पडलास का?" आमच्यात मोठ्या भावाला मास म्हणतात, आणि तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो डोळे न उघडता म्हणायचा, "तुझा कॉम्प्रेसर बंद कर आधी. मेल्यालाही झोप लागायची नाही."

मग त्याच्या बायकोच्या माहेरच्या अंगणातला फणस वाळला. मुर्तिनीचा बाप गेल्यानंतरच्या वर्षी. झाड तोडलं तेव्हा आतून लाकूड हळदीसारखं पिवळं निघालं. सगळे जळणाला न्यायला आले होते. कार्सोनोने एक फळी बाजूला काढली, गालाला लावली, आणि खांद्यावर घेऊन चालत घरी आणली.

बेस गिटार करायची कल्पना मुर्तिनीच्या धाकट्या भावाची, प्रिहांतोची. प्रिहांतो डांगदुतच्या, म्हणजे आमच्याकडच्या ठेक्यावर नाचायच्या गाण्यांच्या, ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. लग्नाच्या मांडवात ढोलक्या पुढे पळतात आणि बेस त्यांच्या मागून कुत्र्यासारखी धावते, कधी पायात येते, कधी पुढे जाऊन थांबते. ती चुकली तर नाचणाऱ्याचा पाय चुकतो. प्रिहांतोकडे ऑर्केस्ट्राच्या मालकाची जुनी बेस होती. "दार गळ्यात अडकवल्यासारखं वाटतं, मास. मला एक करून दे. आणि बघ, तुझं नाव मी स्टेजवरून घ्यायला लावतो. गायिका सगळ्या पाहुण्यांची नावं चिठ्ठीवरून घेते, त्यात पहिलं तुझं."

"माझं कशाला?" कार्सोनो म्हणाला. पण त्या संध्याकाळी त्याने कोळशाने फळीवर आकार काढला.

चौदा महिने लागले. दिवसा दुकानदाराच्या माना, उरलेल्या वेळात ही एक. पहिली मान सुकताना पिळली. दुसरी सरळ राहिली, पण सर्वांत बारीक तारेवर पाचव्या पडद्यापाशी सूर लागला की लगेच मरायचा. प्रिहांतो म्हणाला, "तिथे मी बोटच ठेवणार नाही." कार्सोनोने ती मान चुलीत घातली. तिसरी त्याने महोगनीचे दोन तुकडे उलटसुलट जोडून केली, मध्ये शिसवीची पट्टी, आत लोखंडी सळई. मुर्तिनीच्या शिवणयंत्राच्या मोटरवर केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळून त्याने तारांचा आवाज उचलणारे पिकअप केले. सात हजार वेढे. तार तुटली की पुन्हा पहिल्यापासून. मुर्तिनी कुरकुरायची, "माझी झंपरं तशीच पडलीत. आता बायकांनी काय गिटार अंगात घालायची?"

तारा चढवल्या त्या दिवशी मी तिथे होतो. प्रिहांतोने सर्वांत जाड तार छेडली. आवाज कानात नाही, टाचांत आला. कार्सोनोने शिंपल्यातून कापलेली आपल्या नावाची अक्षरं बशीत मांडून दाखवली. ती डोक्यात खोबणी करून बसवायची, मग मी लॅकर मारायचा. त्याचा वार यायला एकोणीस दिवस होते.

दहाव्या दिवशी गावातल्या एका घरी लग्न होतं. प्रिहांतो त्याच्या आठवडाभर आधीच आला. "मास, कच्चीच दे. लग्नात वाजवतो, परत आणतो. नाव नंतर बसव. पण स्टेजवरून तर घेतलं जाईलच."

कार्सोनोने बशीतल्या अक्षरांकडे पाहिलं. मुर्तिनी म्हणाली, "माझा भाऊ आहे तो. चोर आहे का?"

त्याने दिली. कोऱ्या डोक्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिहांतो ती घेऊन माझ्या छपरीत उभा राहिला. हातात पट्टी होती, कुठल्याशा परदेशी कंपनीची. "ही लाव आणि लॅकर मार. लग्नाआधी सुकायला हवी."

"कार्सोनोमासला माहीत आहे?"

"घरचीच बाब आहे रे. तुला काय करायचंय?"

दोन भिंती ओलांडल्या की कार्सोनोची छपरी. त्याच्या कानशीचा आवाज मला ऐकू येत होता. मी गेलो नाही. वीस वर्षं असंच करत आलो, कोरं डोकं आलं की पट्टी लावायची. मी पट्टी लावली. लॅकरचे सात हात दिले. सातवा हात सुकल्यावर फणसाचा पिवळा रंग असा वर आला, की मलाच अभिमान वाटला.

लग्नात आम्ही खुर्च्यांच्या रांगांत बसलो होतो, कार्सोनो माझ्या डावीकडे, इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून. आमच्याकडे बशा रांगेतून हातोहात पुढे जातात. चहा झाला, सूप झालं. प्रिहांतो स्टेजच्या मागच्या बाजूला होता. बेस लांबून नुसती चमकत होती.

"लॅकर मारलंय," कार्सोनो हळू म्हणाला. मी सूपच्या बशीकडे बघत राहिलो.

गायिकेने चिठ्ठी घेतली. नवरानवरीचं नाव, सरपंचाचं, लष्करातून आलेल्या मामाचं. कार्सोनोने शर्टाची कॉलर सारखी केली. मग ती म्हणाली, "आणि आपल्या प्रिहांतोमासच्या गळ्यात बघा, थेट परदेशातली बेस! सोलोच्या दुकानाकडून! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. कार्सोनोच्या शेजारच्या म्हाताऱ्यानेही वाजवल्या. "परदेशी ती परदेशी. आवाज ऐक की," तो कार्सोनोला कोपराने ढोसत म्हणाला.

पुढचं गाणं संपल्यावर प्रिहांतो घाम पुसत आमच्याकडे आला, बेस गळ्यातच. बहुतेक त्याला वाटलं असावं, हसून निभेल.

"कसा वाटला आवाज, मास? सगळे विचारतायत."

कार्सोनोने हात पुढे करून डोक्यावरच्या नावावर अंगठा फिरवला. तिथे काही लागलं नाही. गुळगुळीत होतं.

"सोलोच्या दुकानदाराने मला त्याच्या जाहिरातीसाठी वर्षभर स्टेजवर वाजवायला घेतलंय," प्रिहांतो भराभर बोलू लागला. "पट्टी असेल तरच. बाजूच्या गल्लीतल्या माणसाने केली म्हटलं तर कोण उभं करेल मला? आवाज तर तुझाच आहे ना? आणि तू आयुष्यभर हजारो माना दुसऱ्यांच्या नावाने पाठवल्यास. तेव्हा नाही लागलं तुला?"

"तुझ्या ताईला माहीत होतं?" कार्सोनोने विचारलं.

प्रिहांतोने पलीकडे बायकांच्या रांगेकडे पाहिलं. मुर्तिनी तिथून आमच्याचकडे बघत होती. तिने मान खाली घातली आणि हातातली बशी पुढच्या बाईला दिली.

मग कार्सोनो माझ्याकडे वळला. "लॅकर तुझं."

तो प्रश्न नव्हता. तरी मी म्हटलं, "हो, मास."

रांगेतून भाताच्या बशा येऊ लागल्या. माझ्या हातातली बशी मी त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही. तो उठला. नवरानवरी दाराशी येऊन उभी राहिल्याशिवाय, यजमानाचा निरोप घेतल्याशिवाय आमच्यात कोणी लग्नातून उठत नाही, घरी मयत झाली तरी सांगून जातात. लोकांनी गुडघे आखडून वाट दिली, त्यांना वाटलं पोट बिघडलं असेल. नवरीचा बाप दोन्ही हात पुढे करून, हसत, "मास, इतक्यात?" असं म्हणत आडवा आला. कार्सोनो त्याच्या हातांच्या बाजूने, काही न बोलता, मांडवाबाहेरच्या उन्हात निघून गेला.